ळचा य

आमच्याकडे ळचा य होतो.
केळीला केयी, काळ्याला काया, डोळ्याला डोया.
जळगावच्या लॅबमध्ये मॅडम हसतात कधी,
मीही हसते.
अक्षर फिरलं म्हणून केयी पिकायची राहत नाही,
डोया बघायचा थांबत नाही.

तुझ्यात, दुर्वेश, असंच एक अक्षर फिरलेलं.
अहवालात डॉक्टरांनी त्याच्याभोवती
निळ्या पेनाने गोल केला.
लग्नात छत्तीसातले एकोणतीस गुण जुळले होते आमचे.
हे तेव्हाही होतंच,
एक प्रत माझ्यात, एक तुझ्या बाबांत,
भालोदपासून सावद्यापर्यंत कुणाला पत्ता नाही.

दिवेलागणीला तू भिंत धरायचास.
पोरं लपाछपी खेळायची, तू ओट्यावर
ट्यूबलाइटकडे टक लावून, पाखरासारखा.
आणि वैशाखात, दुपारी दोनला,
अख्खा यावल तालुका उन्हाला शिव्या देत दारं लावून पडलेला,
तेव्हा तू एकटा सायकलवर.
पंचेचाळीस अंशांत तुला सातपुडा दिसायचा.
मी ओरडले नाही कधी.
टोपी द्यायचे फक्त.

माझं कामच विषाणू धरायचं.
केळीच्या पानाचा तुकडा वाटायचा, थेंब टाकायचा,
पिवळा रंग आला की
ती सगळी रोपं जाळायची.
माहेरी हरण्या आला त्या वर्षी
चार हजार खोडं उपटली भावाने,
पट्टेरी पानांचे ढीग बांधावर,
गुरंही तोंड लावीनात.
विषाणू म्हणजे काय, मला कुणी सांगू नये.

आणि समोर संमतीपत्र.
"आम्ही त्याला रिकामा करतो," डॉक्टर म्हणाल्या,
"त्याचं स्वतःचं लिहिलेलं सगळं काढून टाकतो.
नुसतं कवच उरतं. त्यात तुमच्या मुलाची चिठ्ठी."
"एका अक्षराची?"
"नाही, अख्खी ओळ नव्याने, बिनचूक.
फार लांब चालत नाही. पिशवी लहान आहे त्याची."
मी विचारलं, आणि तो बिघडला तर?
त्या लगेच बोलल्या नाहीत.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
म्हणून मी सही केली.

केसाहून बारीक सुई,
पडद्याच्या पाठीमागे एक थेंब.
तिथे फुगा उठतो म्हणे, मग हळूहळू जिरतो.
ठिबक आम्हाला शिकवायला नको:
मुळाशी, मोजून, सावकाश.
कोट्यवधी रिकामी कवचं आत उतरली
त्या दाराने, ज्यातून ती नेहमी चोरीला यायची,
आणि या वेळी काहीतरी ठेवून गेली.
डावा आधी. उजवा दहा दिवसांनी.
फार उशीर केला तर शरीर ओळखतं त्याला, अडवतं.
मी बाहेर बाकावर.
तुझ्या चपला माझ्या मांडीवर, का कोण जाणे.

महिनाभर काही नाही.
मग त्या बुधवारी जळगावची बस उशिरा आली,
गावात वीज गेलेली,
मी गल्लीच्या तोंडाशी, नेहमीसारखी हाक मारायला तोंड उघडलं
आणि तू भिंतीपासून सुटलास.
मधे वाळूचा ढीग होता शेजाऱ्यांचा. वळसा घातलास.
कुणाच्या तरी मोबाईलच्या उजेडात
थांबून माझ्याकडे पाहिलंस, खूप वेळ.
"माय, संध्याकायी तू अशी दिसते?"
"कशी रे?"
तू बोलला नाहीस. माझी पिशवी घेतलीस.

परवा तपासणी.
तक्त्यावरच्या शेवटच्या तीन ओळी अजून येत नाहीत,
ते सांगायला हवं.
किती वर्षं टिकेल, कुणी लिहून दिलेलं नाही.
आरशासमोर उभी राहून पाहिलं काल,
दिवा न लावता,
तुला काय दिसलं असेल ते.
मला नाही दिसलं.